मळीची धार

श्रोतेहो, आजचा विषय दारूचा आहे. विषय ऐकून कोणी दचकू नये. दारू प्यावी की पिऊ नये, याचे उत्तर आपल्या घराघरांतल्या आयाबहिणींनी कधीच देऊन ठेवले आहे. ते नव्याने सांगायला व्याख्यान कशाला हवे? मला सांगायचा आहे तो इतिहास. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, त्या दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात दारूचे मोठाले कारखाने आले कसे? ज्या मातीत ज्वारी-बाजरी कशीबशी पिकते, त्या मातीतून मद्यार्काची धार कशी लागली? पाणी, ऊस, कायदा, कर आणि सहकार हे सारे धागे या एका गोष्टीत गुंतलेले आहेत. शिक्षक मित्रांना तर जिल्ह्याचा अर्धा भूगोल हिच्यावरून शिकवता येईल.

सुरुवात जरा लांबून, सातासमुद्रापलीकडून करू. अमेरिकेत ‘राय व्हिस्की’ नावाची एक जुनी दारू आहे. राय म्हटल्यावर तुम्हाला फोडणीतली राई आठवेल. पण तिचा हिच्याशी काही संबंध नाही. राय हे गव्हाच्या गोतातले एक धान्य. थंडी सोसणारे, हलक्या जमिनीत तग धरणारे. आपल्याकडे भारी पिकाला नकार देणाऱ्या माळावर जशी बाजरी उभी राहते, तशी युरोपात आणि अमेरिकेच्या पूर्व भागात राय उभी राहते. जर्मनीकडून आलेले शेतकरी पेनसिल्व्हेनिया प्रांतात वसले तेव्हा त्यांनी हे धान्य पेरले. घरची भाकरी भागून जे उरे, त्याचे काय करायचे? डोंगरापलीकडच्या बाजारात धान्य नेणे परवडत नसे. भाड्यातच सारी कमाई जाई. पण त्याच धान्याची दारू गाळली, तर कितीतरी पोत्यांचे मोल एका घोड्याच्या पाठीवर मावे, आणि ती नासतही नसे. म्हणून शेतकऱ्याच्या कोठाराशेजारी भट्टी आली. दारू हा तिथे शेतमाल साठवण्याचा आणि वाहून नेण्याचा एक मार्ग होता.

हे इतके सरसकट होते, की देशाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही १७९७ साली आपल्या शेतावर भट्टी घातली. तिथल्या घाण्यात सुमारे साठ टक्के राय, पस्तीस टक्के मका आणि पाच टक्के मोड आणलेले सातू असत. गंमत अशी, की याच वॉशिंग्टनना त्याआधी तीन वर्षे, १७९४ साली, पश्चिम पेनसिल्व्हेनियात फौज घेऊन जावे लागले होते. सरकारने १७९१ साली दारूवर कर बसवला आणि शेतकरी उठले. त्यांच्या दृष्टीने तो चैनीवरचा कर नव्हता, पिकावरचा होता. बंड मोडले, पण १८०२ साली करही गेला.

त्याच मुलुखात एब्राहम ओव्हरहोल्ट नावाच्या एका विणकर-शेतकऱ्याच्या घराण्याने १८१० च्या सुमारास राय गाळायला सुरुवात केली. ‘ओल्ड ओव्हरहोल्ट’ या नावाने ती व्हिस्की आजही बाजारात मिळते. दोनशे वर्षांहून अधिक काळ एक नाव टिकणे ही लहान गोष्ट नव्हे. १९२० ते १९३३ या काळात साऱ्या अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हाही ती ‘औषध’ म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकली जाई. मात्र पुढे मालक बदलले, आणि १९८० च्या दशकात तिचे उत्पादन पेनसिल्व्हेनियाशी संबंध नसलेल्या केंटकी प्रांतात गेले. बाटलीवर त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचे चित्र मात्र अजून आहे. गाव सुटले, चित्र राहिले.

तरीही तिचा एक गुण सुटला नाही, तो धान्याचा. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे, राय व्हिस्की म्हणायचे तर घाण्यातले निदान एक्कावन्न टक्के धान्य राय असले पाहिजे, आणि ती दारू आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या नव्या पिंपात मुरली पाहिजे. रायचा तिखटसर, मिरीसारखा झणका आणि लाकडाचा रंग हे तिचे ओळखपत्र. ती कोणत्या शेतातून आली हे जिभेला कळते, असे तिचे जाणकार सांगतात. हा मुद्दा ध्यानात ठेवा. आपल्या जिल्ह्यात आल्यावर तो लागणार आहे.

आता आपल्याकडे वळू. आपला जिल्हा सह्याद्रीच्या आडोशाला. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावर, पाऊस कोसळतो. पण पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे जाल तसा तो आटत जातो. जुन्या काळी या मुलुखात दारूसाठी शिल्लक धान्य कुठून असणार? खायलाच पुरत नसे. डोंगरात मोहाचे झाड होते, मोहाची फुले होती. आदिवासींच्या पूजेत, लग्नात, दुखण्याखुपण्यात त्या फुलांना जागा होती. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला आणि घरची भट्टी हा गुन्हा ठरला. दारू गाळायची ती सरकारच्या परवान्याने, विकायची ती लिलावात दुकान घेणाऱ्या ठेकेदाराने. इथून पुढे दारू हा सरकारी तिजोरीचा विषय झाला.

तेव्हा लोकांनी हे मुकाट्याने मानले असे नाही. १८८० साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली, की शहरात दारूची दुकाने वाढताहेत आणि घरे बुडताहेत. १९०८ साली लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी दारूच्या गुत्त्यांसमोर निरोधनाला उभे राहिले. सरकार महसुलासाठी रयतेला व्यसन लावते, हा त्यांचा आरोप होता. लोकमान्यांचे नाव इथे मुद्दाम घेतले आहे. पुढे ते पुन्हा भेटेल.

आपल्या जिल्ह्याचे चित्र पालटले ते पाण्याने. प्रवरेवर अकोले तालुक्यात शेंडी गावाजवळ भंडारदऱ्याचे धरण बांधायला १९१० साली सुरुवात झाली आणि १९२६ साली ते पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा कालवा निघाला. उत्तरेला गोदावरीचे कालवे त्याआधीच कोपरगावकडे वाहू लागले होते. हे कालवे काढले ते दुष्काळ निवारणासाठी, ज्वारी-बाजरीला आधार म्हणून. पण ज्वारीचे पीक पावसात भागले की शेतकरी पाणी घेत नसे, आणि पाणीपट्टी वसूल होईना. बारमाही पाणी घेणारे, पट्टी चुकती करणारे पीक हवे होते. ते पीक म्हणजे ऊस.

ऊस आला तसे कारखाने आले. बेलापूर कंपनीने हरेगावला साखर कारखाना काढला. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरेला संरक्षण दिले, आणि मग रांगच लागली. १९३३ साली महादेव डहाणूकर यांनी ‘महाराष्ट्र शुगर मिल्स’ ही कंपनी स्थापन केली. श्रीरामपूरजवळ, तेव्हाच्या बेलापूर रोड स्टेशनच्या परिसरात, तिचा कारखाना उभा राहिला. त्या वसाहतीचे नाव टिळकनगर. कोपरगावकडे सोमय्यांनी साकरवाडी आणि लक्ष्मीवाडीला कारखाने काढले. ज्या १९३३ सालच्या डिसेंबरात अमेरिकेने आपली दारूबंदी उठवली, त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात ही साखर कंपनी जन्मली, हा निव्वळ योगायोग. पण पुढे काय झाले ते पाहता तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

साखर कारखान्यात दारू कशी शिरली, हे समजायचे तर मळी समजली पाहिजे. गुऱ्हाळावर आपण सगळा रस आटवतो. गूळ होतो किंवा काकवी होते, टाकून काही द्यावे लागत नाही. कारखान्यात तसे नाही. रसातून साखरेचे दाणे काढत काढत शेवटी असा काळा, दाट, चिकट पाक उरतो, की त्यातून दाणा पडतच नाही. ती मळी. रस गाळताना जो काळा गाळ निघतो त्यालाही काही ठिकाणी मळी म्हणतात आणि तो शेतात खत म्हणून टाकतात, ती वेगळी. मी म्हणतो आहे ती पातळ मळी. एक टन ऊस गाळला की साधारण चाळीस किलो मळी निघते. तिच्यात जवळजवळ निम्मी साखर असते, पण अशा रूपात की ती पोत्यात भरता येत नाही.

हिचे करायचे काय? सोडून द्यावी तर ओढ्याचे पाणी नासते, वास सुटतो, माश्या होतात. साठवावी तर टाक्या किती बांधणार? पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यापुढे जो प्रश्न शिल्लक धान्याचा होता, तोच आपल्या कारखानदारापुढे शिल्लक मळीचा होता. उत्तरही तेच निघाले: आंबवा आणि गाळा.

शिक्षक मित्रांनी हे फळ्यावर मांडून दाखवावे. मळीत पाणी घालून पातळ करायची, त्यात यीस्ट, म्हणजे इडलीचे वाटण फुगवणाऱ्या जिवाणूंसारखा एक सूक्ष्म जीव, सोडायचा. तो साखर खातो आणि दोन गोष्टी बाहेर टाकतो: मद्यार्क आणि कर्बवायू. वजनाने जवळजवळ निम्मे-निम्मे. शंभर किलो द्राक्षशर्करेतून हिशेबाने एक्कावन्न किलो मद्यार्क आणि एकोणपन्नास किलो वायू. मग हे आंबलेले पाणी तापवायचे. पाणी शंभर अंशांना उकळते, मद्यार्क सुमारे अठ्ठ्याहत्तर अंशांना. म्हणून वाफेत आधी मद्यार्क पुढे निघतो. ती वाफ थंड केली की धार लागते. डोंगरातल्या मडक्याच्या भट्टीचे आणि कारखान्यातल्या उंच मनोऱ्याचे तत्त्व एकच. फरक इतकाच, की मनोऱ्यात ही क्रिया एकावर एक अनेक वेळा होते आणि शेवटी जवळजवळ शुद्ध मद्यार्क हाती येतो. एक टन मळीतून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर.

इथे राय व्हिस्कीचा मघाचा मुद्दा आठवा. मळीचा मद्यार्क इतका धुऊन-गाळून काढला, की त्याला ना वास उरतो, ना चव, ना गाव. तो हरेगावच्या उसाचा की संगमनेरच्या, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मग त्यात पाणी, रंग, चवीचे अर्क, थोडी मुरलेली दारू अशी भर घालून कोणाला ब्रँडी म्हणायचे, कोणाला रम, कोणाला व्हिस्की. आपल्या देशात विलायती नावाने खपणाऱ्या दारूचा फार मोठा भाग असा मद्यार्काच्या पायावर उभा आहे. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणून विकायची परवानगी नाही, कारण तिथे व्हिस्की धान्याचीच असली पाहिजे. म्हणजे अमेरिकेतल्या त्या दारूने गाव सोडले तरी धान्य सोडले नाही. आपल्याकडच्या बाटलीवर साहेबाचे नाव आहे आणि आत आपलाच ऊस आहे.

पुढे स्वातंत्र्य आले. घटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमात दारूबंदीकडे वाटचाल करावी असे राज्यांना सांगितले आहे. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी आली. १९५१ साली बलसारा नावाच्या गृहस्थांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधनांविषयीची काही कलमे रद्द केली, पण बंदीचा मूळ अधिकार मान्य केला. आता योग पाहा. एप्रिल १९५० मध्ये राज्य कोरडे झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. शेतकऱ्यांनी स्वतःचे भाग घालून उभारलेला तो कारखाना देशभर नावाजला. त्याच्या पाठोपाठ जिल्ह्यात सहकारी कारखाने निघत गेले. एका हाताने दारू बंद झाली आणि दुसऱ्या हाताने मळीचा पूर आला.

हे परस्परविरोधी वाटेल, पण त्या वेळच्या धुरीणांना तसे वाटत नव्हते. मद्यार्क म्हणजे केवळ पिण्याची दारू नव्हे. रंग, औषधे, व्हिनेगरचे आम्ल, विद्रावके, जंतुनाशके यांना तो लागतो. मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्याचा कायदा केंद्राने १९४८ सालीच केला होता. साकरवाडीला पुढे मद्यार्कापासून रसायने बनवण्याचा उद्योग उभा राहिला. शहाण्या माणसाने मळीतून औषध काढावे, दारू काढू नये, असा विचार होता.

पण पिणाऱ्याने पिणे सोडले नाही. दुकान बंद झाले तसे ओढ्याकाठी हातभट्टी पेटली. काळा गूळ, नवसागर आणि कुजके-मुजके काय हाती लागेल ते, असे रसायन जमिनीत पुरलेल्या पिंपात आंबायचे. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द भाषेत शिरला तो अशा भट्ट्यांमुळेच. पोलीस, हप्ते, गुंड यांची एक नवीनच शेती पिकू लागली. शेवटी १९६० च्या दशकात राज्याने बंदी सैल केली, परवाने दिले. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि मळीच्या मद्यार्काला गावोगावी राजरोस वाट मिळाली. कायद्याच्या पुस्तकावर मात्र आजही दारूबंदीचेच नाव आहे. बंदीच्या कायद्याखाली विक्रीचे परवाने, असा हा संसार.

टिळकनगरचे काय झाले? १९६१ साली जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. खाजगी कारखान्यांकडे जी हजारो एकर जमीन होती, तिच्यात शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली पुष्कळ होती. ती सरकारकडे गेली आणि १९६३ साली शेती महामंडळ निघून त्याच्या मळ्यांत समाविष्ट झाली. हरेगाव आणि टिळकनगर हे त्यातलेच मळे. आपली जमीन परत मिळावी म्हणून खंडकरी शेतकरी पुढची पन्नास वर्षे भांडले, तेव्हा कुठे २०१२ च्या सुमारास वाटपाला तोंड फुटले. इकडे स्वतःची जमीन गेलेल्या, सहकारी कारखान्यांशी उसासाठी झगडणाऱ्या खाजगी कारखान्याची साखर मागे पडत गेली आणि जे मुळात उप-उत्पादन होते, ते मुख्य झाले. आज ती कंपनी ‘टिळकनगर इंडस्ट्रीज’ म्हणून ओळखली जाते. तिची ‘मॅन्शन हाऊस’ ही ब्रँडी मुख्यतः दक्षिणेकडच्या राज्यांत खपते. गुत्त्यांसमोर निरोधन करणाऱ्या लोकमान्यांचे नाव अशा रीतीने एका मद्य उद्योगाच्या अंगावर राहिले. यात कोणी ठरवून केले असे काही नाही. नाव गावाला दिले होते, गावाला साखर पिकवायची होती. पाणी, कायदा आणि बाजार यांनी वाट वळवली. इतिहास बहुधा असाच घडतो.

आता या धारेची किंमत कोणी दिली, ते पाहू. पहिली किंमत पाण्याने दिली. एक लिटर मद्यार्क काढला की मागे आठ ते पंधरा लिटर तांबडे-काळे, आंबट वासाचे सांडपाणी उरते. हिशेब करा: एक लाख टन ऊस, त्याची चार हजार टन मळी, तिचा नऊ-दहा लाख लिटर मद्यार्क, आणि त्यामागे कोटभर लिटर सांडपाणी. हे ओढ्यात गेले तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि पाझरून ते विहिरीत उतरले तर पाणी तांबडे होते. आज कायद्याने या सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असे बंधन आहे. त्यातून जळाऊ वायू काढतात, ते आटवून जाळतात किंवा खतात जिरवतात. बंधन कागदावर आहे की ओढ्यावर, हे पाहणारा पहिला माणूस म्हणजे शेजारचा विहीरवाला शेतकरी. विहिरीचे पाणी रंग बदलू लागले तर वाट पाहू नये. ग्रामपंचायतीला लेखी कळवावे, बाटलीत नमुना भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावा.

दुसरी किंमत जिवाने दिली. पिण्याचा मद्यार्क वेगळा आणि उद्योगातला मिथेनॉल वेगळा. दिसायला दोन्ही पाण्यासारखे, वास जवळजवळ सारखा, जिभेला फरक कळत नाही. पण मिथेनॉल पोटात गेला की शरीर त्याचे विषारी आम्ल बनवते. आधी डोळे जातात, मग प्राण. स्वस्त नशेसाठी भेसळ करणारा हाच विषारी माल बाटलीत भरतो. २०१७ सालच्या फेब्रुवारीत, निवडणुकीच्या धामधुमीत, आपल्याच नगर तालुक्यातल्या पांगरमल गावात फुकटच्या पार्टीतली बनावट दारू पिऊन अनेकांचे प्राण गेले. मत मागायला आलेल्याने पाजलेली दारू होती ती. म्हणून मुलांना हे सांगाच: दारू पिऊन कोणाला धूसर दिसू लागले, पोटात कळा आल्या, श्वास जोराने चालू लागला, तर ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून झोपवू नये. ताबडतोब दवाखान्यात न्यावे. वेळेवर पोचल्यास यावर उपचार आहे. उशीर झाल्यास नाही.

तिसरी किंमत घराने दिली, आणि तिचा आकडा कुठल्याही वहीत नाही. पण उत्तरही याच जिल्ह्यातून निघाले. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९७५ च्या सुमारास तीस-चाळीस भट्ट्या होत्या असे सांगतात. दुष्काळात पीक नाही, म्हणून दारू गाळून पोट भरायचे, हा गावाचा धंदाच होऊन बसला होता. पेनसिल्व्हेनियातला शेतकरी धान्य उरले म्हणून भट्टी लावत होता, आपला शेतकरी धान्य नाही म्हणून! अण्णा हजारे यांनी गावकऱ्यांना देवळात जमवले, भट्ट्या बंद करण्याचा ठराव झाला आणि भट्टीवाल्यांनी भट्ट्या मोडल्या. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत, म्हणून तो ठराव टिकला. नालाबंडिंग केले, पाणलोट अडवला, विहिरींना पाणी आले, भट्टीवाल्याला शेती मिळाली. पोटाची सोय झाली तेव्हा भट्टी परत आली नाही. नुसती शपथ घेणाऱ्या गावांत ती परत येते, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

पुढे राज्याने बायकांच्या हाती एक साधन दिले. गावातल्या स्त्रियांनी मागणी केली तर दुकान राहावे की जावे यावर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. लक्षात घ्या, मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. म्हणून त्या दिवशी माहेरी गेलेली लेकही परत बोलवावी लागते, मजुरीला गेलेली बाईही बांधावरून आणावी लागते. अट कठीण आहे. तरी राज्यातल्या कितीतरी गावांत बाटली आडवी झाली.

आणि मळी? तिला आता एक नवी वाट फुटली आहे. २००३ सालापासून पेट्रोलमध्ये मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळायला सुरुवात झाली. २०२२ साली हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर. १९४८ च्या कायद्यातली कल्पना सत्तर-पाऊणशे वर्षांनी फळाला आली म्हणायची. आज तुमच्या मोटारसायकलच्या टाकीत जे जाते, त्यात कोणाच्या तरी उसाचा, अलीकडे मक्याचाही, वाटा आहे. बाटलीत जाणारा मद्यार्क टाकीत गेला, तर कोणाला दुःख नाही. पण उसाला पाणी लागते ते लागतेच. २०२३ साली पाऊस ओढला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, आणि सरकारला रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घालावे लागले. भंडारदऱ्याच्या पाण्यावर किती भार टाकायचा, हा १९२६ चा प्रश्न अजून सुटलेला नाही.

शिक्षक मित्रहो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर काढा. भंडारदऱ्यापासून प्रवरेची रेघ ओढा, ओझरला कालवे फोडा, त्यांच्या काठाने कारखाने मांडा. मग मुलांना विचारा: आपल्या गावचा ऊस कोणत्या कारखान्याला जातो? त्याची मळी कुठे जाते? तिथले सांडपाणी कुठे जाते? आणि गावात दारूचे दुकान असेल, तर त्यातली बाटली कुठून येते? मुले घरी जाऊन विचारतील. काही घरांत या प्रश्नाचे उत्तर देताना वडील जरा गप्प होतील. मुलांनी पुन्हा विचारू नये. आईला सगळे ठाऊक असते.